'बार्ज इन' : न विचारता आत घुसण्याचं इंग्रजी आणि ते वापरायची रीत

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात एक मुलगा येतो. नोकरीला लागून त्याला तेव्हा चारच महिने झाले होते. एके दिवशी वर्ग सुटल्यावर तो मागे रेंगाळला आणि मोबाइल पुढे करत म्हणाला, "मॅडम, हे जरा बघता का? यात काय चुकलं तेच मला कळत नाहीये." वरिष्ठांना पाठवलेला मेल होता. पहिलंच वाक्य : 'यस्टरडे यू बार्ज्ड इन्टु माय क्युबिकल अँड गेव्ह मी द फाइल.'

त्याला म्हणायचं होतं, काल तुम्ही अचानक माझ्या जागेपाशी आलात आणि फाइल दिलीत. मोबाइलवरच्या शब्दकोशात त्याने 'अचानक आत येणे' याला इंग्रजी शब्द शोधला, 'बार्ज इन' मिळाला, त्याने तो वापरला. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, शब्दयोगी अव्ययसुद्धा बरोबर. पण वरिष्ठांनी वाचलं ते असं : काल तुम्ही माझ्या जागेत घुसलात, विचारलंसुद्धा नाहीत. पुढचे दोन दिवस ते त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते आणि याला कारण उमगत नव्हतं.

शब्दकोशाने त्याला अर्धाच अर्थ दिला होता. 'बार्ज इन'मध्ये अचानकपणा आहे, पण तो दुय्यम आहे. मुख्य आहे तो धक्का, आणि परवानगी न घेणं. हे वाक्प्रचार पाठ करून येत नाहीत, त्यांच्यामागचं चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की मग चूक होत नाही. म्हणून मी वर्गात नेहमी होडीपासून सुरुवात करते.

आधी होडी बघा

बार्ज म्हणजे सपाट तळाची, जड माल वाहणारी मोठी होडी. हा शब्द मराठी माणसाला परका नाही. गोव्यात तर तो रोजच्या बोलण्यातला आहे. मांडवी आणि झुआरी या नद्यांतून लोहखनिज भरून बार्जी मुरगाव बंदराकडे जातात, तिथे तो माल मोठ्या जहाजांत चढतो. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि खवळलेला समुद्र आडवा आला की याच बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरतात.

पणजीच्या धक्क्यावर उभं राहून भरलेली बार्ज जाताना कधी पाहिली आहे? तांबूस खनिजाचे ढीग, आणि त्या वजनाने होडी इतकी खाली बसलेली की पाणी जवळजवळ कठड्याला लागतंय असं वाटावं. वेग बेताचा. पण तिच्या वाटेत कुणी मध्ये येत नाही. मासेमारीची छोटी होडी आपणहून बाजूला होते, कारण बार्जने ठरवलं तरी ती पटकन थांबू शकत नाही आणि पटकन वळूही शकत नाही. आता त्या जागी माणूस कल्पून बघा. हा माणूस चपळ नाही, लपतछपतही येत नाही. तो जड पावलांनी, सरळ रेषेत, समोर कोण आहे याची फिकीर न करता येतो आणि इतरांनाच बाजूला व्हावं लागतं.

इंग्रजीत हे चित्र लंडनच्या थेम्ससारख्या नद्यांमधून आलं असावं असं कुणालाही वाटेल, कारण तिथल्या इंजिन नसलेल्या बार्जी भरतीओहोटीच्या ओढीवर आणि लांबलचक वल्ह्यांवर हाकल्या जात. अशा होड्या एकमेकींवर आदळणं नवलाचं नव्हतं. हे चित्र नेमकं कुठल्या नदीवर जन्मलं याचा शोध इथे नको. इतकं पक्कं आहे की 'बार्ज' हा शब्द क्रियापद म्हणून 'धाडकन आदळणे' या अर्थी 19व्या शतकात वापरात आला, आणि दारातून, बैठकीत, बोलण्यात घुसण्यासाठीचं 'बार्ज इन' 20व्या शतकात रुळलं.

याच होडीवरून इंग्रजीत अगदी उलट दिशेचा एक वाक्प्रचारही आहे. बार्ज ढकलायचा जो लांब बांबू असतो, त्यानेसुद्धा मी त्या गोष्टीला शिवणार नाही, असं ब्रिटिश माणूस म्हणतो. आपण म्हणतो, चार हात लांब राहीन. अमेरिकन माणूस होडी विसरून 'दहा फुटी काठी' म्हणतो.

इन, इन्टु, इन ऑन : सगळी मेख इथे आहे

इथे सावकाश वाचा, कारण मराठी माध्यमातून आलेल्यांची जास्तीत जास्त गफलत इथेच होते. आपल्याकडे 'खोलीत घुसला', 'माझ्यावर आदळला', 'आमच्या बैठकीत घुसला' हे फरक विभक्तीप्रत्यय आणि क्रियापद मिळून सांभाळतात. इंग्रजीत क्रियापद तेच राहतं आणि सगळा भार पुढच्या छोट्या शब्दावर येतो.

नुसतं 'बार्ज इन' म्हटलं की जागा सांगायची गरज नसते, ती आधीच ठाऊक असते. 'वुई वेअर हॅविंग लंच व्हेन ही बार्ज्ड इन.' आम्ही जेवत होतो, तेवढ्यात हा घुसला. वाक्य इथे संपतं. पुढे 'माय हाउस' जोडायचा मोह होतो आणि 'ही बार्ज्ड इन माय हाउस' तयार होतं. ते बरोबर नाही. जागा सांगायचीच असेल तर 'इन'चं 'इन्टु' करा : 'ही बार्ज्ड इन्टु माय हाउस.'

'इन्टु'नंतर जागा आली की अर्थ 'घुसणे'. पण 'इन्टु'नंतर माणूस आला की अर्थ बदलून 'धडकणे' होतो. 'ही बार्ज्ड इन्टु माय मदर' म्हणजे त्याने आईला धडक दिली, कदाचित तिच्या हातातली पिशवी पडली. आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि हा विचारल्याशिवाय तिच्या खोलीत गेला, असं सांगायचं असेल तर 'ही बार्ज्ड इन ऑन माय मदर'. एका छोट्या 'ऑन'ने शरीराचा धक्का जातो आणि खासगीपणाचा भंग येतो. हा फरक वर्गात पहिल्यांदा कळला की मुलं वह्या काढतात.

'बैठक', 'गप्पा', 'मुलाखत' अशा शब्दांबरोबर 'इन्टु' आणि 'इन ऑन' दोन्ही चालतात, पण रोख वेगळा. 'बार्ज्ड इन्टु द मीटिंग' म्हटलं की ऐकणाऱ्याला दार आणि खोली दिसते. 'बार्ज्ड इन ऑन द मीटिंग' म्हटलं की चालू कामात आलेला व्यत्यय दिसतो. तक्रारीचा सूर हवा असेल तर मी दुसरं निवडेन.

धक्काबुक्की करत पुढे जाण्यासाठी 'बार्ज पास्ट', 'बार्ज थ्रू' आणि 'बार्ज वन्स वे थ्रू' आहेत. दादरला लोकल लागताच उतरणाऱ्यांना न जुमानता आत शिरणारा माणूस : 'ही बार्ज्ड हिज वे थ्रू द क्राउड.' इथे 'इन' नाही, कारण मुद्दा आत येण्याचा नाही, गर्दी कापण्याचा आहे.

दोन गोष्टी उच्चाराच्या. भूतकाळ 'बार्ज्ड' असा एकाच दमात म्हणायचा, 'बार्जेड' असे दोन तुकडे करायचे नाहीत. आणि 'बार्ज इन' म्हणताना जोर 'इन'वर द्यायचा. उलटा जोर दिला तर इंग्रजी भाषकाला क्षणभर होडीच ऐकू येते. ब्रिटिश बोलण्यात मधला 'र' जवळजवळ ऐकूच येत नाही, 'बाऽज' असं वाटतं. अमेरिकन तो स्पष्ट म्हणतात. तुम्ही कुठलाही धरा, पण एकच धरा.

'बार्ज इनसाइड' आणि 'बार्ज इन इन्टु' हे दोन प्रकार मला सतत दिसतात. दोन्ही टाळा.

कुणी, कुणाला म्हणायचं

हा वाक्प्रचार दुसऱ्याबद्दल वापरला की तक्रार असते, आणि समोरच्यालाच वापरला की आरोप. 'यू बार्ज्ड इन' हे वाक्य भावंडं एकमेकांना भांडताना म्हणतील, आई मुलाला म्हणेल, जवळचा मित्र चिडून म्हणेल. वरिष्ठांना, ग्राहकांना, सासरच्या माणसांना ते म्हणता येत नाही. म्हणायचंच असेल तर मग भांडायची तयारी ठेवून.

स्वतःबद्दल मात्र ते बिनधास्त वापरा. तिथे हाच शब्द नम्र होतो. 'सॉरी टु बार्ज इन लाइक धिस' म्हणत कुणी दारात उभं राहतं, तेव्हा तो माणूस सांगत असतो की मी न विचारता आलोय हे मला माहीत आहे. आपलं 'असं मध्येच आलो, माफ करा' हेच. स्वतःकडे दोष घेतला की धक्क्याची धार निघून जाते.

ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलण्यात शिरायचं असेल तर अजून सौम्य शब्द हाताशी ठेवा. 'कॅन आय जस्ट कम इन हिअर?' हे ब्रिटिश कार्यालयांत रोज ऐकू येतं, त्याचा अर्थ 'इथे मी एक बोलू का?' इतकाच. 'मे आय जंप इन?' हेही चालतं. एकदा ग्राहकाच्या बैठकीत माझ्या एका विद्यार्थिनीने 'मे आय बार्ज इन?' असं विचारलं आणि सगळे हसले. वाईट काही झालं नाही. पण परवानगी मागून धडक मारता येत नाही, म्हणून ते वाक्य कानाला विनोदी लागतं.

आपलं उघडं दार

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, कारण भाषांतरात इथे माणसांवर अन्याय होतो.

मी वाड्यात वाढले. सकाळी दार उघडलं की ते रात्रीच बंद व्हायचं. शेजारच्या काकू हातात वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत यायच्या, "अगं, जरा विरजण दे गं" म्हणायच्या, आणि आईने पाठमोरीच "घे ना, फडताळात आहे" म्हटलं की स्वतःच घेऊन जायच्या. दार वाजवणं नाही, 'येऊ का' नाही. वाजवलं असतं तर आईलाच वाटलं असतं की काही बिनसलं की काय.

याचं इंग्रजी करताना कुणी 'आन्ट नेक्स्ट डोअर युज्ड टु बार्ज इन' असं लिहिलं तर ते व्याकरणाने बरोबर असेल आणि खोटं असेल. 'बार्ज इन'मध्ये एक बंद दार गृहीत धरलेलं आहे, आणि ते उघडायला परवानगी लागते असा समाजाचा नियमही. जिथे तो नियमच नाही तिथे तो मोडल्याचा ठपका कसा ठेवणार? काकूंसाठी 'ड्रॉप इन' किंवा 'पॉप इन' वापरा. त्यात आपुलकी आहे, आणि सहज डोकावण्याचा हलकेपणा आहे. परदेशात राहणारी, आपल्या लहानपणाविषयी इंग्रजीत लिहिणारी मराठी माणसं हा घोटाळा फार करतात, आणि वाचणाऱ्याच्या मनात आपली माणसं उगाच आडदांड ठरतात.

उलट बाजूही आहे. लंडनला किंवा न्यू जर्सीला मुलाकडे गेलेले आईवडील नातवंडांच्या खोलीचं दार सवयीने ढकलतात आणि आतून 'डोन्ट बार्ज इन!' ऐकू येतं. ते ऐकून वाईट वाटतं, पण त्या पोराला तुमचा राग आलेला नसतो. तिथल्या घरांत दार वाजवणं ही मायेचीच एक रीत आहे.

जवळचे शब्द, जे एकमेकांच्या जागी बसत नाहीत

'बट इन' हा 'बार्ज इन'चा सख्खा शेजारी. तो बोकडाकडून आला आहे. 'बट' म्हणजे डोक्याने दिलेली ढुशी. दोघंजण बोलत असताना तिसऱ्याने मधेच डोकं घातलं की 'बट इन'. त्यामुळे हा शब्द दारापेक्षा बोलण्यासाठी अधिक चपखल आहे. आपण मुलांना 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस' म्हणतो आणि त्याचं 'डोन्ट टॉक इन बिटवीन' करतो. भारतात ते सगळ्यांना कळतं, बाहेर नाही. 'डोन्ट इंटरप्ट' म्हणा, रागावायचं असेल तर 'डोन्ट बट इन'. त्याच्या उलट 'बट आउट' आहे, म्हणजे 'तुझा यात काही संबंध नाही, बाजूला हो'. हे फार उद्धट आहे, ओळखीशिवाय वापरू नका.

'वॉक इन ऑन' मात्र नीट शिका, कारण 'बार्ज इन ऑन'च्या जागी पुष्कळदा तोच हवा असतो. कुणी कपडे बदलत होतं, रडत होतं, आणि तुम्ही नकळत दार उघडलंत. यात तुमचा हेतू नव्हता, जोरही नव्हता. 'आय वॉक्ड इन ऑन हर' म्हणा. इथे 'बार्ज' वापरलंत तर नकळत झालेल्या चुकीची तुम्ही स्वतःच दांडगाई करून टाकता.

'बर्स्ट इन' म्हणजे धावत, भावनेच्या भरात आत येणं. दहावीचा निकाल हातात घेऊन धापा टाकत घरात शिरणारी मुलगी 'बर्स्ट इन' करते. 'ब्रेक इन' चोरासाठी ठेवा. लग्नात किंवा पार्टीत आमंत्रणाशिवाय जेवून जाणारा 'गेटक्रॅशर'. 'चाइम इन' म्हणजे सुरात सूर मिसळणं, त्याला लुडबुड म्हणत नाहीत. 'मसल इन'मध्ये दंडेली आणि फायद्याची नजर दोन्ही असतात, ते धंद्याच्या बातम्यांत जास्त सापडेल.

दुसऱ्यांच्या खासगी गोष्टींत रस घेणाऱ्यासाठी इंग्रजीतही नाकच आहे. आपण नाक खुपसतो, तेही खुपसतात : 'पोक वन्स नोज इन्टु'. अशा माणसाला शरीराने आत यावं लागत नाही, तो उंबऱ्याबाहेरूनच पगार आणि लग्नाचं विचारतो. मराठीत त्याला भोचक किंवा चोंबडा म्हणतात. 'बार्ज इन' करणारा भोचक असेलच असं नाही, त्याला तुमच्या भानगडींत काही रसही नसेल. त्याला फक्त तुमचं दार दिसत नाही.

मराठीत आणताना

इंग्रजी लेख मराठीत करणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी 'घुसखोरी' लिहू नये. तो शब्द सीमेवर, जमिनीच्या वादात, सरकारी नोटिशीत शोभतो. घरातल्या प्रसंगाला 'थेट आत शिरला' किंवा 'येऊन धडकला' पुरतं. बोलण्यातल्या व्यत्ययाला 'मध्ये तोंड घातलं'. जोर फारच असेल तर मला 'मुसंडी मारली' सगळ्यात आवडतं. इंग्रजांना जड होडी दिसली तिथे आपल्याला रानडुक्कर दिसलं, इतकंच.

फोनवरचं 'बार्ज इन'

पुण्यातल्या, ठाण्यातल्या कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्यांना हा शब्द वेगळ्याच अर्थाने माहीत असेल, आणि तिथे त्यात उद्धटपणाचा लवलेश नाही. पर्यवेक्षकाच्या पडद्यावर सहसा तीन सोयी असतात. पहिलीत तो फक्त ऐकतो. दुसरीत तो कुजबुजतो, म्हणजे त्याचा आवाज कर्मचाऱ्याला ऐकू येतो, ग्राहकाला नाही. तिसरी 'बार्ज'. ती दाबली की तो थेट संभाषणात येतो आणि दोघांनाही ऐकू येतो. मुलाखतीत 'हॅव यू युज्ड कॉल बार्ज?' असं विचारलं तर गोंधळू नका, ते तुमचे संस्कार तपासत नाहीत.

बँकेला फोन लावल्यावर 'मराठीसाठी एक दाबा' हे वाक्य पूर्ण होण्याआधीच तुम्ही आकडा दाबता आणि यंत्र गप्प होऊन पुढे जातं, यालाही तांत्रिक भाषेत 'बार्ज इन' म्हणतात. बोलणाऱ्या यंत्रांसाठी 2004 मध्ये मानक ठरलेल्या 'व्हॉइसएक्सएमएल'मध्ये ही सोय चालू-बंद करायला याच नावाची खूण आहे. यंत्राला मधेच तोडलेलं चालतं. माणसांच्या बाबतीत हाच शब्द ठपका होतो.

आज करून बघा

गेल्या आठवड्यात कोण कोण तुमच्या दारात, फोनवर, बोलण्यात आलं ते आठवा आणि पाच वाक्यं इंग्रजीत लिहा. प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा : दार बंद होतं का? त्या माणसाला ते माहीत होतं का? धक्का शरीराला लागला की कामाला? तिन्हींची उत्तरं मिळाली की शब्द आपोआप ठरतो. दार उघडंच असेल तर 'ड्रॉप इन'. नकळत झालं असेल तर 'वॉक इन ऑन'. माहीत असून पर्वा केली नसेल, तरच 'बार्ज'.

त्या मुलाकडून मी हेच करून घेतलं. दार होतं का? क्युबिकलला दारच नव्हतं. वरिष्ठांनी धक्का दिला का? नाही, ते तर सहज आले, उभ्याउभ्याच फाइल दिली आणि 'बघून ठेव' म्हणाले. मग त्याने मोबाइलवर नवं वाक्य लिहिलं : 'थँक यू फॉर स्टॉपिंग बाय यस्टरडे विथ द फाइल.' आणि त्याखाली, मी न सांगता, आणखी एक ओळ टाकली, की आधीच्या मेलमधला शब्द मी चुकीचा वापरला, माझ्या मनात तसं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात थांबून त्याने आधी दार वाजवलं. "मॅडम, येऊ का? सरांचं उत्तर आलंय."